आईनं राख मारली त्याची गोष्ट

परतूरच्या स्टेशनवर गाडी हलली तरी आमच्या आप्पांचं चालूच होतं, "अरे, बटाट्यासाठी कुणी सिमल्याला जातं का? बाजारात मिळत न्हाईत व्हय?" सगळा फलाट हसला. मीही हसलो, अन् मंग जालना येईस्तोवर रडलो.

गावाकडच्या मंडळींनो, अन् माझ्यासारखंच गाठोडं बांधून निघालेल्यांनो, मी इथं सिमल्याच्या बटाटा संशोधन केंद्रात काय करून राह्यलो ते एकदाचं ऐका. मावा नावाचा बारीक किडा बटाट्याच्या पानातला रस पितो अन् रोग पसरवतो. परदेशातून आणलेल्या एका रानटी बटाट्याला मात्र तो बाधत न्हाई. त्याचे बटाटे बोराएवढे, अन् कडू जहर! आपल्या बटाट्याशी त्याचा संकर करून आम्ही काचघरात रोपं वाढवली होती. साहेबांनी बजावलं होतं, "या हंगामात माव्यापुढे एक तरी रोप टिकलं पाहिजे, नाहीतर हे काम बंद." म्हणून मी मुद्दाम रोपांवर मावा सोडला अन् कोण तगतं ते बघत बसलो.

अशात आई पहिल्यांदाच सिमल्याला आली. लुगड्यावर माझा कोट चढवून सगळीकडं हिंडायची. एका सकाळी काचघरात जातो तर सगळी रोपं पांढरीफटक! आपल्याकडं मावा दिसला की चुलीतली राख मारतात, तशी तिनं टोपलंभर मारली होती.

"किड्यांनी झाडं खाल्ली अन् तू हाताची घडी घालून बघतूस? लाज न्हाई वाटत?"

"आई, तो मावा मीच सोडलाय!"

"मंग येडच लागलंय तुला."

मी कपाळावर हात मारला. दुपारी साहेब येणार होते. जल्दी जल्दी झारीनं रोपं धुतली. सगळ्यांची राख वाहून गेली, एकाची काही केल्या जाईना. पानाला बोट लावलं तर चिकट. भिंग लावलं अन् ओरडलोच! पानभर बारीक लव, तिच्या टोकाटोकाला चिकाचा थेंब, अन् त्यात राखेबरोबर मावाही पाय अडकून मेलेला. रानटी बटाट्याचा गुण त्या रोपात बराबर उतरला होता.

साहेबांनी त्याच्या राख न लागलेल्या कोवळ्या पानांवर पुन्हा मावा सोडायला लावला. तोही चिकटून मेला. "काम चालू राहील," ते म्हणाले. मी आनंदानं आईला उचललंच. तिनं मात्र साऱ्या कॉलनीत सांगितलं, की राखेनं गुण आला.

तोवर सिमला माझ्या लेखी नुसतं नोकरीचं ठिकाण होतं, घर ते परतूरला. पण आईनं ते सरकारी काचघर आपलंच वावर समजून त्यात हात घातला. तिनं आधी विचारलं असतं, तर ती पाहुणी ठरली असती. अन् मीही इथं पाहुणाच राहिलो असतो.