मास्तरणीला औषध द्यायचं राहिलं

मास्तरीण आज सकाळी मेली. माझ्या भित्रेपणानं मेली.

मास्तरीण म्हणजे आमची तांबडी गावठी कोंबडी. दारातून येणाऱ्याकडं मान तिरपी करून असं बघायची, की माणूस चपला सरळ काढून ठेवायचा. नाव आमच्या ह्यांनी ठेवलेलं.

रविवारी ती पिसं फुगवून भिंतीला उभी राहिली. दाणे टाकले, आली नाही.
खाली बघितलं तर विष्ठा हिरवी.



आमच्या महाळुंग्यात हिरवी विष्ठा म्हटलं की एकच नाव तोंडात येतं. मानमोडी, कोंबड्यांची मान वाकडी करणारी साथ. एकीला झाली की अख्खी आळी साफ.

आणि आमच्या बांधाला लागून धाकट्या दिरांचं पोल्ट्रीचं शेड. पाच हजार पक्षी. शनिवारी विक्रीची गाडी भरायची.

मागं एकदा त्या शेडात मर आली होती. मेलेले पक्षी पुरायला जेसीबीनं खड्डा घेतला. भाऊजी दिवसभर खड्ड्याच्या काठावर बसून होते. तेव्हापासून आमच्या कोंबड्यांना पलीकडं जायची बंदी.

आणि गेल्याच आठवड्यात मास्तरीण दोनदा त्यांच्या जाळीपाशी चरून आली होती. मी बघूनही गप्प बसले होते.

आता सांगा, औषधाचं विचारू कुणाला? आळीत कोंबड्यांचं कळतं ते एकट्या भाऊजींना. डॉक्टरला फोन केला तर संध्याकाळपर्यंत गावभर.

घरात मंचरहून आणलेली पावडर होती. पाकिटावर शंभर पक्ष्यांचा डोस. एकीला किती? यूट्यूबवर एक म्हणतो लगेच द्या, दुसरा म्हणतो रोग कळल्याशिवाय हात लावू नका.

म्हटलं, उद्या बघू.

सोमवारी हे म्हणाले, "औषध द्यायचं तर दे, नायतर कापू. मेल्यावर काय उपेग?"
आमच्याकडं हीच रीत. आजारी पडली की मरायच्या आत सुरी.
"कापायची न्हाई."
"मग औषध?"
"उद्या."
"तुझा उद्या उजाडणार कधी?"

मंगळवारी ती शेपूट खाली टाकून कुंथायला लागली. बाकीच्या सात जणी मी डालग्याखाली कोंडल्या. तासातासाला उचलून एकेकीची मान बघत होते.

बांधावरून भाऊजींनी विचारलं, "वयनी, कोंबड्या का कोंडल्यात?"
"बिबट्या फिरतोय म्हणत्यात."

धडधडीत खोटं.

दुपारी शेवटी अंदाजानं पावडर कालवली. चोच उघडून थेंब थेंब सोडलं. तिनं गिळलंच नाही, सगळं मानेवरून ओघळलं.

आज सकाळी आडवी.

मेल्यावर मात्र लपवायची हिंमत झाली नाही. बांधावर गेले आणि एका दमात सगळं सांगितलं. जाळीचं पण.
भाऊजींचा चेहरा पांढराफटक. गाडीला किक मारली. मी मास्तरणीला पिशवीत घालून मागं बसले. मंचरपर्यंत देवाचा धावा चालू होता.

डॉक्टरांनी तिथंच फाडून बघितलं.

"मानमोडी वगैरे काही नाही. अंडं अडकलंय."
"आणि ते हिरवं?"
"उपाशी कोंबडी हिरवंच टाकते, ताई. पहिल्याच दिवशी कोमट पाण्यात बसवून कॅल्शियम दिलं असतं, तर बहुतेक वाचली असती. ही पावडर तिच्या कामाची नव्हतीच."

भाऊजी मटकन पायरीवर बसले. शेड वाचलं.
खोटं कशाला बोलू, मलाही आधी सुटल्यासारखंच वाटलं. मग हातातली रिकामी पिशवी बघून रडू आलं.

येताना अर्ध्या वाटेत ते म्हणाले, "वयनी, कॅल्शियमची बाटली शेडातच व्हती. नुसती हाक मारायची."
"तुमी चिडला असता."
"चिडलो असतो. पण बाटली दिली असती."

 

मास्तरीण, तीन दिवस तू माझ्यासमोर कळा देत होतीस, आणि मी दुसऱ्यांच्या कोंबड्या मोजत होते.

माफ कर बाई. भरल्या डोळ्यांनी निरोप.