स्वयंपाकघरामागचं दार

आमच्या ह्यांना नाटकात काम करता यायचं नाही. नुसता शिपाई केला तरी हात कुठे ठेवू नि कुठे नको असं व्हायचं त्यांना. पण उज्जैनच्या आमच्या मराठी मंडळात गणपतीतलं एकही नाटक त्यांच्यावाचून सुरू झालं नाही. दुसऱ्या घंटेनंतर पडद्यापुढे येऊन उभे राहायचे आणि म्हणायचे, "रसिकहो, दारं बघून घ्या. समोर दोन, डावीकडे एक आणि चौथं स्वयंपाकघराच्या मागे." लोक हसायचे. एकदा पहिल्या रांगेतून कोणीतरी ओरडलं, "आणि चिवडा कुठे?" मीही हसले, खोटं कशाला बोलू? घरी आल्यावर म्हटलं, "अहो, लोक नाटक बघायला येतात, दारं बघायला नाही." तर म्हणाले, "बघत नाहीत, म्हणून तर सांगतो."

आणि सांगायच्या आधी प्रत्येक दार स्वतः ढकलून यायचे. हॉलच्या चौकीदाराला कड्या घालायची भारी हौस होती. हात लावल्याशिवाय दार सांगायचं नाही, हा ह्यांचा नियम. मुलगा लहान असल्यापासून त्यांच्या मागे मागे फिरायचा. हे गेले, नियम त्याच्याकडे राहिला.

मुलगा गायचा. दिवसा शाळेत संगीत शिकवायचा आणि संध्याकाळी नानाखेड्याच्या बाजूला एका कॅफेत गाणी म्हणायचा. शहरात दारू बंद झाली तशी असली कॅफे कुत्र्याच्या छत्र्यांसारखी उगवली. त्याचं कॅफे सगळ्यात वरच्या मजल्यावर होतं. वर बांबूचं छप्पर, भिंतींना प्लास्टिकचं हिरवं गवत. मी एकदाच गेले. गवताला हात लावून म्हटलं, "बाई गं, हे पेटलं तर?"

"आई, तू पण ना, अगदी बाबांसारखी टेन्शन घेतेस," तो म्हणाला. आणि स्वतः काय केलं? आधी दोन्ही दारं ढकलून आला, मग माईक घेतला. "एक दरवाज़ा सामने, और दूसरा..."

सगळी पोरं एका सुरात ओरडली, "किचन के पीछे!"

रोजचंच होतं ते. पोरं त्याला भिया म्हणायची, म्हणजे दादा. त्याचे व्हिडिओ काढायची, दुसऱ्यांना दाखवायची. मला ह्यांची इतकी आठवण आली की भर लोकांत डोळ्याला पदर लावला. चाळीस वर्षं ज्या वाक्याला लोक हसले ते पोरानं लोकांच्याच तोंडी बसवलं होतं. अभिमान वाटला मला. आता तो शब्द लिहायलाही नको वाटतो.

त्या संध्याकाळी तिथे कोणाचा तरी वाढदिवस होता. केकवर लावतात ना ती फवारा उडवणारी मेणबत्ती, तिची ठिणगी छपराला लागली. ते टेबल पुढच्या दाराशीच होतं, त्यामुळे पहिलं तेच दार गेलं. मुलगा माईकवर ओरडत होता, "किचन के पीछे! सब किचन के पीछे!" लाइट जाईपर्यंत ओरडत होता. आणि लोकांनी ऐकलं त्याचं. पाठच होतं सगळ्यांना.

त्या दाराला बाहेरून कुलूप होतं.

गाणं सुरू करण्याआधी त्याने ते ढकललं होतं आणि ते उघडं होतं. मागाहून कोणीतरी कुलूप घातलं, कारण पोरं बिल न देता तिकडून सटकतात असं मालकाच्या डोक्यात बसलं होतं. तपासणीवाले यायचे तेव्हा दार उघडं. ते जिना उतरले की बंद. वेटरांना माहीत होतं, कुकला माहीत होतं. ज्याच्या तोंडून सगळं गाव ते दार ऐकत होतं त्याला तेवढं माहीत नव्हतं.

किचनची खिडकी फोडून बरेचसे शेजारच्या गच्चीवर निघाले. मुलगाही निघाला, दोन्ही हात भाजून. सगळे नाही निघाले.

मग नेहमीप्रमाणे वरातीमागून घोडे. गावभर तपासण्या झाल्या, कॅफेंना सील लागली, साहेब लोक टीव्हीवर बोलले, आणि आम्ही सगळ्यांनी चहा पिता पिता मान हलवली. थोड्या दिवसांनी सील निघाली आणि पुन्हा तिथे वाढदिवस व्हायला लागले. मुलाने मात्र गाणं सोडलं, शाळा सोडली, आणि हळूहळू बोलणंही. जेवायला हाक मारली की येऊन बसायचा. मी घास भरवायची, हाताला पट्ट्या होत्या ना. एवढा मोठा मुलगा, आणि घास घेताना माझ्याकडे बघायचा नाही.

एक दिवस कॅफेचा मालक आमच्या माधव नगरच्या घरी आला, सफरचंदं घेऊन. फोनवर व्हिडिओ लावून माझ्यासमोर धरला. तोच, "किचन के पीछे!"वाला. म्हणाला, "आंटीजी, देखिए, हमारे यहाँ तो रोज़ बताते थे. ये बस बयान में लिखवा दे कि दरवाज़ा उसने खुद देखा था, खुला था. झूठ थोड़ी है."

खोटं नव्हतंच, त्यानेच तर तळपायाची आग मस्तकात गेली! कुलूप ह्याचं, आणि ढाल माझ्या पोराच्या आवाजाची. मी सफरचंदांची पिशवी जिन्यावरून खाली फेकली आणि म्हटलं, "निकलो. अभी के अभी." तो गेला. आतल्या खोलीत मुलाने सगळं ऐकलं होतं. म्हणाला, "आई, बरोबरच बोलतोय तो. मीच सांगितलं होतं." किती समजावलं मी! देवाची शपथ घातली, ह्यांची घातली. पालथ्या घड्यावर पाणी.

मग ती आली. त्या संध्याकाळी गेलेल्या एका मुलीची आई. माझ्याहून किती लहान, आणि चेहरा असा की मला बस म्हणायचंही सुचेना. वाटलं, आता ही ह्याला शिव्या देणार, आणि मी कोणत्या तोंडाने अडवू? माझा मुलगा आत जिवंत होता.

मुलगा बाहेर आला. ती म्हणाली, "बेटा, अंदर से उसका फ़ोन आया था. बोली, मम्मी रोओ मत, भिया ने दरवाज़ा बताया है, हम उधर ही जा रहे हैं." मग म्हणाली, "मुझे वो सुनना है. व्हिडिओ में तो सब हँसते हैं. तुम बोलो."

मी म्हणणार होते, नको गं बाई. पण तो उभा राहिला. कोरड्या आवाजात म्हणाला, "एक दरवाज़ा सामने, और दूसरा..."

पुढे काही आलं नाही. आमच्या बैठकीत ओरडायला कोणी नव्हतं. तिनेच पुढे होऊन त्याचे पट्टीतले हात धरले. "सच बोल देना, बेटा. पूरा," म्हणाली, आणि चहा न घेता गेली.

दुसऱ्या दिवशी त्याने जबाब दिला. मी शेजारी बसले होते. दार आधी उघडं होतं, नंतर कुलूप होतं, दोन्ही सांगितलं. मग म्हणाला, "और मैंने लोगों को उस ताले की तरफ़ भेजा." लिहिणारा पोलीस थांबला. चांगला माणूस होता. म्हणाला, "ये लिखने की ज़रूरत नहीं है, बेटा." हा हटून बसला, लिहायलाच लावलं. मी तिथेच हमसून रडले.

यंदा गणपतीत मंडळाच्या नाटकाला मी त्याला जबरदस्तीने नेलं. मनात म्हटलं, चार ओळखीची माणसं भेटतील, कदाचित पडद्यापुढे उभाही राहील. मंडळाच्या लोकांनीही त्याला विचारलं. त्याने मानेनेच नको म्हटलं. दुसरी घंटा झाली, कोणीच पुढे आलं नाही. मीच उठले आणि दारं ढकलत निघाले. तीन उघडली. स्वयंपाकघरामागच्या दाराला मात्र घडीच्या खुर्च्यांची थप्पी लावलेली. "अरे, हे काय?" तर पोरं म्हणतात, "काकू, नाटक संपलं की काढतो ना."

एवढं सगळं होऊन! आमच्याच गावात, आमच्याच लोकांत!

मागे बघते तर मुलगा आलेला. त्याच्या हातांना अजून नीट पकड नाही, तरी एकेक खुर्ची कोपराने सरकवत त्याने दार मोकळं केलं. ढकलून बघितलं. मग त्यातलीच एक खुर्ची उघडून दाराशी बसला. तिथून रंगमंच दिसत नाही, नुसते आवाज येतात.

तिसरी घंटा झाली. मी म्हटलं, "चल रे, आत बसू."

"तू जा, आई. नाटक बघ," तो म्हणाला. "मी इथेच आहे. आता कोणी बंद नाही करणार."