मधूची जागा

आमच्या गुरुवारच्या बैठकीचे किस्से बाहेर सांगू नयेत, असं बायकोचं मत आहे. "माणसं घरी यायची बंद होतील," म्हणते. पण एक सांगायला घेतला की त्याच्यामागे चार उभेच असतात. त्यात मी शाळामास्तर, गोष्ट पोटात ठेवायची सवय नाही.

आम्ही तिघं. पेटीवर मी, पेणचा. तबल्यावर रोह्याजवळच्या वरसे गावचा दत्ता. आणि गाणारा मधू, रोह्याचा. मधू ओळ संपवताना सुरांची अशी एक मुरड घ्यायचा की समोरचा माणूस डोलायचा. गाण्यात तिला 'जागा' म्हणतात. एका भजनात तर दत्ता ठेका थांबवायचा, मी पेटी थांबवायचो, मधू एकटा जागा घेऊन समेवर, ठेक्याच्या पहिल्या मात्रेवर, यायचा आणि मग आम्ही तिघं पुन्हा सुटायचो.

मधू ऐन चाळिशीत गेला. रोह्यात त्याच्यासाठी बैठक ठेवली, तेव्हा ते भजन मी दुसऱ्या एका गायकाला दिलं. वाटलं, कोणीतरी म्हणायला हवं ना! दत्तानं तिथल्या तिथे तबला झाकला.

"मधूची जागा दिलीस व्हय?" एवढंच बोलला आणि उठला. पुढे बावीस वर्षं बोलला नाही.

*

मग एकदा कोलाडला हायवेवर मिसळ खायला बसलो होतो. कोणाच्या तरी मोबाइलवर तेच भजन लागलं. माझी बोटं आपोआप टेबलावर फिरायला लागली. मागच्या टेबलावर कोणीतरी ग्लासावर ठेका धरला होता. ती जागा आली आणि माझी बोटं थांबली. मागचा ग्लासही थांबला. मोबाइलवरचा गायक मात्र सरळ पुढे निघून गेला.

"याला जागा म्हाईत नाय," मागून आवाज आला.

वळून पाहिलं, तर दत्ता. दोघांच्या डोळ्यांत पाणी. वेटरला सांगितलं, तर्री फार तिखट आहे.

*

तेव्हापासून दर गुरुवारी दुपारी तीनला पेणला रामवाडीत माझ्या घरी बैठक. गायचं मीच, जमेल तसं. त्या एका ठिकाणी दोघांनी गप्प राहायचं, हे न बोलताच ठरलं.

एका गुरुवारी सकाळी माझा घसा बसला. म्हटलं, आज काळी एक नको, सूर थोडा उतरवून पांढरी एक धरू. हे मनातल्या मनात. दुपारी दत्ता आला, तो तबला पांढरी एकमध्ये लावूनच.

"तुला कसं कळलं?"

"सकाळी फोन आला ना. घसा बसलाय म्हणालास."

मी फोन केला नव्हता. त्याच्या मोबाइलमध्ये पाहिलं, फोन आलेलाही नव्हता. दत्ता म्हणाला, "मग फोन नसंल. पण आवाज आला, येवढं खरं."

*

आमच्या दारात एक भाजीवाली टोपली घेऊन बसते. एकदा बैठक संपल्यावर तिनं मला विचारलं, "मास्तर, त्यो तिसरा मानूस जातो कुठनं? दारात तर मी हाय."

बायको तेव्हापासून भाजी बाजारातून आणते.

*

दत्ताच्या सुनेनं एकदा बैठक मोबाइलवर रेकॉर्ड केली. संध्याकाळी ऐकायला बसलो. ती जागा आली, पेटी-तबला थांबले, आणि त्या शांततेत दत्ताचा आवाज आला, "वा!"

"वा कशाला म्हणालास रे?"

"चांगली घेतली म्हणून."

मी हसलो. तेवढ्यात रेकॉर्डिंगमध्ये दुसरा "वा" ऐकू आला. तो माझा होता. मला काहीच आठवत नाही.

*

पुढे पुढे दत्ता त्या शांततेतून लवकर बाहेर येईना. ठेका उशिरा सुरू व्हायचा. चेहरा मात्र असा, की कोणाशी तरी छान गप्पा चालल्यात. मला भीती वाटायला लागली. बावीस वर्षांनी मिळालेला मित्र पुन्हा घालवायची माझी तयारी नव्हती.

मग त्याच्या छातीत दुखायला लागलं. पनवेलला बायपास ठरली, तीही नेमकी गुरुवारी दुपारी. नातेवाइकांची गर्दी नको म्हणून मी घरीच थांबलो. तीन वाजले तसं राहवेना. पेटी काढली, तेच भजन धरलं. ती जागा जवळ आली आणि मला वाटलं, आज इथे गप्प बसलो तर दत्ता परत येत नाही. मी थांबलो नाही. जागा मी घेतली, माझ्या फाटक्या गळ्यानं. घेतली खरी, पण समेवर येता येईना. चाचपडलो, आणि भाता सोडून तसाच बसून राहिलो.

तिसऱ्या दिवशी भेटायला सोडलं. दत्तानं डोळे उघडले, खुणेनं जवळ बोलावलं.

"गुरवारी जागा तू घेतलीस ना?"

"कोणी सांगितलं तुला?"

"मधू नि मी चाललो व्हतो. बरं वाटत व्हतं. मधीच त्यो थांबला, कान दिला. म्हनला, 'दत्ता, तू फीर मागं. त्याला एकट्याला सम नाय सापडायची.'"