शेटला आज माफी मागायला लावली

मंडळी, आज मी एक सूड घेतला. खरं खरं सांगते.

तीन वर्षांमागं मी ज्या गॅरेजात कामाला होते, तिथल्या शेटनं मला गिऱ्हाइकांसमोर काढून टाकलं. म्हणाला, "इंजिनचा आवाज बाईमाणसाला कळत न्हाई." सगळे हसले. मग मी देगलूरात फवारणी पंप दुरुस्तीचं दुकान टाकलं.

आज सकाळी त्याचाच फोन आला. उद्या उदगीरला नवीन जिल्ह्याच्या मागणीची सभा हाय. मैदानातलं वाळलेलं गवत कापायचं काम त्याच्याकडं, अन् बसून चालवायचं गवत कापायचं मशीन दर पाच मिनिटांनी गचके देऊन बंद पडत होतं. प्लग, कार्बोरेटर, सगळं तपासून झालेलं.

मी गेले. शेट अन् त्याचे दोन मिस्त्री मशीनजवळ उभे होते. गचके सुरू होताच, कुणाला दिसू न देता टाकीचं झाकण सैल केलं. इंजिन लगेच एकसारखं चाललं. झाकणातलं हवेचं छिद्र दुष्काळाच्या धुळीनं बुजलं होतं, म्हणून पेट्रोल खाली उतरत नव्हतं.

मी झाकण परत आवळलं. पाच मिनिटांत मशीन पुन्हा बंद पडलं.

"दोष कळला," मी म्हणाले. "आधी त्या दिवशीचं बोलणं मागं घ्या. ह्या मिस्त्र्यांसमोर."

"सोड की आता, उद्या सभा हाय."

"मला घाई न्हाई."

तो खाली बघत म्हणाला, "चुकलं माझं. तुला कळतं."

मी तारेनं छिद्र मोकळं करून दिलं.

वाटलं होतं, राग जाईल. न्हाई गेला. मिस्त्री दोघंच होते. मला सारं गाव तिथं पाहिजे होतं. तुमचा राग माफीनं गेलाय का कधी?