कालवं कापणारी मैनाबाई

मैना निमकर्डेला स्वस्थ बसलेलं कुणी कधी पाहिलं नव्हतं. अकोटजवळच्या भाजीच्या मळ्यात ती वाढली. वांगी तोडता तोडता आणि मेथीच्या जुड्या बांधता बांधता हातांना अशी सवय लागली, की ते रिकामे राहिले तर तिचा जीव गुदमरायचा. नवरा गेल्यावर ती अमरावतीला आली आणि एका कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात कंत्राटी मदतनीस म्हणून लागली. काचेची भांडी धुवायची, टेबलं पुसायची, एवढंच काम. ते अकरापर्यंत उरकून ती खिडक्यांच्या जाळ्या घासत बसे. विभागप्रमुख रागिणी मॅडम म्हणायच्या, "मैनाबाई, तुमच्या पायाला भिंगरीच आहे."

मॅडमचं संशोधन होतं समुद्रातल्या शिंपल्यांवर. दर दीड महिन्यानं कोकणातून बर्फात घातलेली कालवं रेल्वेनं जवळच्या बडनेरा स्टेशनला उतरायची. ओबडधोबड, दगडाच्या ढलप्यांसारखी. दोन शिंपा गच्च मिटून धरणारा एक स्नायू त्यांच्यात असतो. त्याचे भाग दोन. एक काचेसारखा, झटक्यात आवळणारा. दुसरा दुधासारखा पांढरा. तो सावकाश आवळतो, पण एकदा धरलं की तासन्‌तास सोडत नाही आणि थकतही नाही. या दोन भागांतलं मुख्य प्रथिन वेगवेगळं का, त्यांची जनुकं कोणती, हे कुंदन नावाचा विद्यार्थी पीएचडीसाठी शोधत होता. तो चांदूर रेल्वे गावचा, हुशार, पण हातानं अगदीच कच्चा. पहिलंच कालव उघडताना सुरी सटकून तळहातात घुसली.

मैनाबाईनं ती सुरी काढून घेतली. "सरका भाऊ. तुमी कालव कापून राहिले का सवताले?"

त्या दिवसापासून कापण्याचं काम तिचं झालं. बिजागरीच्या फटीत सुरीचं टोक घालायचं, मनगट फिरवायचं, शिंप उघडली की काचेरी तुकडा वेगळा, पांढरा वेगळा. प्रत्येक तुकड्याला निराळं पातं, निराळी नळी, आणि लगेच डीप फ्रीझर. वर्षभरात तिनं शेकड्यांनी कालवं कापली. अकोटला आई सुभद्रा माळकरी, म्हणून तिनं फक्त "शिंपा साफ करते" एवढंच सांगितलं होतं.

मग बाहेरच्या प्रयोगशाळेतून कुंदनच्या नमुन्यांचा अहवाल आला. प्रथिन कसं बांधायचं हे सांगणारा जनुकाचा संदेश पांढऱ्या आणि काचेरी भागात अक्षर न अक्षर सारखाच निघाला. असं व्हायला नको होतं. बैठक बसली. मैनाबाई चहाचे कप घेऊन दारात आली तेव्हा कुंदन म्हणत होता, "कापतानाच तुकडे मिसळले असतील, मॅडम. दुसरं काही दिसत नाही."

कुणी तिच्यावर आवाज चढवला नाही. दुसऱ्या दिवशी मॅडमनी एवढंच सांगितलं, की काही दिवस तिनं वनस्पतिशास्त्राच्या स्टोअरमध्ये वाळक्या पानांच्या फायली झटकाव्यात. सगळे विद्यार्थी ऐकत होते.

फायली तीन दिवसांत झटकून झाल्या. चौथ्या दिवशी तिनं त्याच पुन्हा झटकल्या. कोणती नळी, कोणतं पातं, कोणत्या दिवशी, डोळे मिटले की सगळं समोरून जाई आणि कुठेच चूक सापडत नसे. सापडली असती तर बरं, असंही तिला वाटून गेलं. रविवारी ती अकोटला गेली. भाऊ भगवंत वांगी तोडत होता. तीही ओळीत शिरली, नमुने मिसळल्याचा आळ आला एवढंच आईला सांगितलं आणि कोवळ्या फळांसकट देठं खुडत सुटली.

"सोड ना वं," आई म्हणाली. "नोकरी तं हाये न? कायले जीव जाळून राहिली?"

"मी मिसळलं नाही, माय."

"मंग झालं."

"झालं कसं? त्याहीले वाटते का मी मिसळलं."

जेवण अर्धवट टाकून तिनं दुपारचीच एसटी धरली.

सोमवारी ती थेट कुंदनपुढे उभी राहिली. "कालवांचा नवा डबा आला म्हणते. मले एकडाव कापू द्या. तुमच्यासमोर."

कुंदन कचरला. "मॅडमले विचारा लागन."

"मंग विचारा. मी उभी हाये."

मॅडम नाइलाजानं हो म्हणाल्या. पंधरा कालवं. प्रत्येक पातं कुंदननं स्वतः पाकिटातून काढून दिलं, प्रत्येक नळीवर आकडा त्यानं घातला, बूच त्यानं लावलं. तीन तास काम चाललं. कुंदन तिच्या बोटांकडे बघत होता आणि तिला ते टोचत होतं, पण हात एकदाही चुकला नाही.

तीन आठवड्यांनी अहवाल आला. पुन्हा तेच. अक्षर न अक्षर सारखं.

कुंदनचा चेहरा पडला. मैनाबाईनं त्याच्या टेबलावर दोन्ही हात टेकले. "आता कोनाले पाठवता स्टोअरमंदी?"

त्यानं दोन्ही अहवाल शेजारी ठेवून पुन्हा चाळले. मग हळूच म्हणाला, "मैनाबाई, कोणीच मिसळलं नसन. जनुकच एक असन."

त्यानं तिला समजावलं, स्वतःलाही समजावत. जनुक म्हणजे लांबलचक मजकूर. शरीर त्यातले काही तुकडे गाळतं आणि उरलेले जोडून संदेश बनवतं. पांढऱ्या भागात ते एक तुकडा ठेवतं, काचेरी भागात त्याच्या जागी दुसरा. म्हणून एकाच जनुकापासून दोन तऱ्हांचं प्रथिन. त्या प्रथिनाला डोकं असतं आणि लांब शेपूट असते. फरक असलाच तर डोक्यात असणार. आणि कुंदननं तपासायला निवडला होता तो नेमका शेपटीचा भाग, दोघांत सारखाच.

"म्हंजे तुमी शेपट्या पाहून दोन जनावरं एकच म्हणून राहिले," मैनाबाई म्हणाली. "आन नाव मायं घेतलं."

कुंदननं मान खाली घातली.

आता त्यानं डोक्याचा भाग तपासायला घेतला, आणि त्यासाठी फ्रीझरमधल्या पहिल्या वेळच्या, तिनं एकटीनं कापलेल्या नळ्याच बाहेर काढल्या. फरक लख्ख निघाला. पांढऱ्याच्या एकाही नळीत काचेरीचा मागमूस नव्हता.

मॅडमनी तिला केबिनमध्ये बोलावलं, दार लोटलं आणि म्हणाल्या, "मैनाबाई, आमची चूक झाली. मनाला लावून घेऊ नका."

तिचे हात पदराशी चाळा करत होते. काम टिकेल की जाईल, हा विचार आला आणि गेला. "मॅडम, स्टोअरमंदी पाठोलं ते सगळ्याहीसमोर पाठोलं. हे दाराआड काहून?"

मॅडमचा चेहरा लाल झाला. त्या उठल्या, दार उघडून प्रयोगशाळेत गेल्या आणि नऊ विद्यार्थ्यांपुढे, थोड्या अडखळत, म्हणाल्या, "मागे नमुने मिसळले असं आपण म्हणालो होतो. ते चूक होतं. मैनाबाईंचं कापणं निर्दोष होतं. चूक आपल्या विचारात होती."

कुणीतरी टाळी वाजवली. मैनाबाईला ओशाळल्यासारखं झालं आणि ती बेसिनकडे वळली.

आता तरी जिवाला निवांतपणा मिळेल असं तिला वाटलं होतं. मिळाला नाही. दोन दिवसांनी चिमट्यात पांढरा तुकडा धरून ती थांबली.

"कुंदनभाऊ, मजकूर एकच हाये न? मंग याले कोन सांगते का हा तुकडा ठेव आन तो गाळ?"

"ते अजून पक्कं माहीत नाही, मैनाबाई. शोधाच लागन."

"कवा?"

तिनं तुकडा नळीत सोडला आणि पुढच्या कालवाच्या फटीत सुरीचं टोक घातलं. संध्याकाळपर्यंत तिनं कुंदनला तोच प्रश्न आणखी दोनदा विचारला.