जेवायच्या हाताला वळा

"शिरू, ठिपका पुढे चाललाय... आणि हे उठत नाहीयेत."

मार्चमधल्या एका मंगळवारी सकाळी ताईचा फोन आला, तो एवढाच. मी ऑफिसात कॉफीच्या मशीनसमोर कप धरून उभा होतो आणि ठिपका म्हणजे काय, हे मला क्षणभर कळेचना. मग कळलं. भाऊजींच्या टॅब्लेटवर आफ्रिकेचा नकाशा असायचा आणि त्यावर एक लाल ठिपका. तो ठिपका म्हणजे त्यांची जुनी डिझेल गाडी, जी त्या घटकेला नामिबियात एका सरळ रस्त्याने दक्षिणेला चालली होती. आणि 'हे' म्हणजे माझे भाऊजी, मुकुंद, ब्राउनश्वाइगमध्ये स्वतःच्या स्वयंपाकघरात, चहाच्या कपापुढे, खुर्चीत मान टाकून. मी पोचलो तेव्हा नोटआर्त्स्ट, म्हणजे तातडीने येणारे डॉक्टर, आपली पेटी बंद करत होते. तरुण मुलगा होता. ताईच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "हे कुठेही होऊ शकलं असतं." धीर द्यायलाच म्हणाला बिचारा. पण ते 'कुठेही' तेव्हापासून माझा पिच्छा सोडत नाही. कुठेही म्हणजे तिथेही. मग इथेच का?

भाऊजी तीस वर्षांपूर्वी इथल्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत शिकायला आले आणि राहिले. मी दहा वर्षांनी आलो, सॉफ्टवेअरच्या नोकरीवर, आणि पहिले चार महिने त्यांच्याकडेच तळ ठोकला. कुठला कचरा कुठल्या डब्यात टाकायचा, रविवारी ड्रिल मशीन का चालवायचं नाही, हे सगळं मला त्यांनी शिकवलं. मी त्यांना काय शिकवलं असं कुणी विचारलं तर मी विषय बदलतो. घरात माझं काम गोष्टी सांगायचं. कुणाच्या लग्नात कोण रुसलं, कुणाची सून काय म्हणाली, हे पुण्याहून इकडे आणि इकडून पुण्याला माझ्यामार्फत जातं. भाऊजी म्हणायचे, "शिरीषरावांना एखादी गोष्ट सांगितली की पोस्टाचा खर्च वाचतो."

त्यांची मुलगी ईरा हाम्बुर्गला शिकायला गेली आणि घर रिकामं झालं, तेव्हा त्यांनी ती गाडी घेतली. रंग साबुदाण्याच्या खिचडीसारखा, वय माझ्याहून थोडंच कमी. इकडे तीस वर्षं उलटलेल्या गाडीला नंबरापुढे एच अक्षर मिळतं, वारसा म्हणून. "आपली पन्नाशी उलटली तरी आपल्याला कुणी काही देत नाही," मी म्हटलं. चढावर ती कण्हायची, म्हणून आम्ही तिचं नाव आत्याबाई ठेवलं. आणि मग एक दिवस त्यांनी जाहीर केलं, की जुन्या गाड्यांची एक हौशी रॅली आहे, जर्मनीतून निघून केप टाऊनला जाणारी, आणि आत्याबाई जाणार.

त्यामागचं कारण ऐकून मी हसलो होतो. मिरजेला शाळेत भूगोलाच्या पेपरात आफ्रिकेचा कोरा नकाशा भरायला आला होता. भाऊजींनी डाकार उजव्या किनाऱ्याला काढलं आणि गुण गेले. बाकी सगळ्या विषयांत पहिला येणारा मुलगा एका डाकारपायी दुसरा आला. "जाऊन बघायचंय एकदा," ते म्हणायचे, "नक्की डावीकडेच आहे का." स्वयंपाकघराच्या भिंतीवर त्यांनी मार्ग चिकटवला. सकाळी दाढी करताना ते नावं म्हणायचे, लोक रामरक्षा म्हणतात तसे... टँजिअर, मराकेश, दाखला, नुआक्शॉट, डाकार... तिथून किनाऱ्याकिनाऱ्याने खाली, अक्रा, लागोस, याउंदे, लुआंडा, विंडहुक... आणि फलश्रुतीच्या जागी केप टाऊन. ताई पोळ्या लाटता लाटता म्हणायची, "अहो, देवाचं नाव घ्या जरा." ते म्हणायचे, "हे काय वाईट आहे? मुक्काम तरी पक्का आहे."

गाडीत दोघं लागतात. एक चालवतो, दुसरा शेजारी बसून रस्ता वाचतो. दुसरा म्हणून त्यांनी मला घेतलं. का घेतलं, हे मला तेव्हाही कळलं नव्हतं. मी हो म्हटलं, कारण जेवताना विचारलं होतं आणि मटण चांगलं झालं होतं. ऑफिसात दहा आठवड्यांची बिनपगारी रजा मागितली, तर साहेबीण टाळी वाजवून म्हणाली, "आफ्रिका? तोल!" म्हणजे झकास. मला वाटलं होतं ती तरी नाही म्हणेल.

आयोजकांनी शरद ऋतूच्या सुरुवातीलाच मार्गाची वही पाठवली. रोडबुक म्हणतात तिला. पानावर छोटे छोटे चौकोन. प्रत्येकात आधीच्या वळणापासूनचं अंतर, मग एक चित्र, ठिपका म्हणजे तुम्ही आणि बाण म्हणजे तुमचं पुढचं आयुष्य. सोपं असतं म्हणे. पण मला घाईत डावं-उजवं कळत नाही. लहानपणापासून नाही. पहिल्याच रविवारी सरावाला हार्झच्या डोंगराकडे निघालो, तर मी आत्याबाईंना एका शेतकऱ्याच्या बीटाच्या ढिगाऱ्यात नेऊन उभं केलं. भाऊजींनी इंजिन बंद केलं, डब्यातला चिवडा माझ्यापुढे धरला आणि विचारलं, "आता कुठल्या हाताने घेतलास?"

"ह्या."

"हा जेवायचा हात. दुसऱ्यात घड्याळ आहे. बस. डावं-उजवं विसर."

त्या आठवड्यात त्यांनी वही उघडली आणि प्रत्येक चौकोनाच्या समासात पेन्सिलीने माझ्यासाठी एकेक अक्षर लिहायला घेतलं. जेवायच्या हाताला 'जे', घड्याळाच्या हाताला 'घ'. जर्मनीपासून केप टाऊनपर्यंत. शेकडो वळणं. इंजिनिअर माणूस, पेन्सिल दाबून लिहायची सवय. पुढच्या रविवारपासून मी ऐटीत ओरडायला लागलो, "भाऊजी, तीनशे मीटरवर जे!" आणि आम्ही चक्क पोचायला लागलो. स्वतःच्या गाडीतून आमच्यामागून येणाऱ्या डिटरला, म्हणजे भाऊजींच्या शेजारी गाडी लावणाऱ्या निवृत्त ट्रामचालकाला, हे 'जे' म्हणजे एखादं गुप्त तंत्र वाटलं. त्याने ते शिकूनही घेतलं. "जे, गेनाऊ!", म्हणजे अगदी बरोबर, असं तो भलत्याच वळणावर ओरडायचा.

ऑक्टोबरात असंच एकदा चाक बदलायचा सराव केला. भाऊजी जॅकवरून उठले आणि दाराला धरून उभेच राहिले. ओठ पांढरे. जरा वेळाने थर्मासातला चहा ओतत म्हणाले, "काही नाही. डॉक्टरला माहितीये. एक ऑपरेशन सांगितलंय. परत आलो की करू."

"आणि ताईला?"

"तिला नाही सांगायचं. शिरीष, शब्द दे."

शिरीषराव नाही, शिरीष म्हणाले. मी शब्द दिला. तो मी पाच दिवस पाळला, जो माझा विक्रम आहे.

इथून पुढचं मी घरात आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मी ताईला फोन करून सगळं सांगितलं, ते भाऊजींच्या काळजीपोटी, असं सगळे मानतात. पुण्याचे काका मानतात, माझी बायको मानते, ताई तर मानतेच. काळजी होती, नव्हती असं नाही. पण त्या पाच दिवसांत मला झोपेत काय दिसत होतं, तर भाऊजी नाही, मी. मॉरिटानियातल्या वाळूत मी, शेजारी कण्हणारा माणूस, आणि हातात वही. त्याच्याही आधीपासून, साहेबिणीने टाळी वाजवली तेव्हापासून, मला जायचं नव्हतं. मला पोटाची भीती वाटत होती, सरहद्दीवरच्या शिपायांची वाटत होती, त्या शेकडो वळणांची वाटत होती. नाही म्हणायची हिंमत नव्हती. आणि भाऊजींनी विश्वासाने माझ्या हातात दिलेलं गुपित मला एकदम दारासारखं दिसलं... उघडलं, आणि बाहेर पडलो. वर शहाणा ठरलो.

मग व्हायचं ते झालं. पुण्याहून फोनांची रांग लागली. "अहो मुकुंदराव, आधी तब्येत, मग आफ्रिका." "पुढच्या वर्षी जा की, आफ्रिका कुठे पळून जातेय!" ताई रडली, ईरा हाम्बुर्गहून आली. भाऊजींनी कुणाशी वाद घातला नाही. मी शनिवारी तोंड घेऊन गेलो, तेव्हा ते भिंतीवरचा मार्ग उतरवत होते. पाठमोरे.

"तुला यायचं नव्हतं," ते म्हणाले, "तर मला सांगायचंस."

"असं काय भाऊजी, मला तुमची का..."

त्यांनी हात वर केला. "ताईने थालीपीठ केलंय. जेवायला बस."

मी बसलो. तीन खाल्ली.

आत्याबाई त्यांनी डिटरला दिली. स्वतःहून. रॅलीला डिटर आणि त्याचा पुतण्या जाणार, त्यांना आयोजकांकडून नवी वही मिळाली. नोव्हेंबरात ऑपरेशन ठरलं, तेव्हा हॉस्पिटलला मीच सोडायला गेलो. रिंगरोडवर काम चालू होतं, रस्ते फिरवलेले. भाऊजी शेजारी बसून रस्ता सांगत होते. मी वाट बघत होतो, आता म्हणतील, 'जे'. ते म्हणाले, "पुढे रेख्ट्स." मग, "इथे लिंक्स." उजवं आणि डावं, माझ्याशी जर्मनमध्ये, नेव्हिगेशनमधल्या बाईच्या आवाजात. मी अर्थातच वळण चुकलो. त्यांनी नवा रस्ता सांगितला, तोही जर्मनमध्येच. चिवडाही नव्हता.

ऑपरेशन चांगलं झालं. जानेवारीत गाड्या निघाल्या. प्रत्येक गाडीवर ती कुठे आहे ते कळवणारं यंत्र होतं, आणि घरबसल्या नकाशावर ठिपका दिसायचा. भाऊजी रोज सकाळी चहाबरोबर ठिपका उघडायचे. शेजारी त्यांची जुनी वही. गाडी जितकी पुढे गेली, तितक्या चौकोनांवर बरोबरची खूण करायचे. मी रविवारी जायचो, समोर बसायचो. गाडी डाकारला पोचली त्या दिवशी मी उसन्या उत्साहाने म्हटलं, "काय भाऊजी, डावीकडेच निघालं ना?"

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "हो. तुला कसं कळलं?"

एवढाच विनोद त्यांनी त्यानंतर माझ्यावर केला. मी तो जपून ठेवलाय, कारण त्यात धार होती, आणि धार असेपर्यंत नातं असतं असं मी स्वतःला सांगतो.

ते गेले आणि गाडी बारा दिवसांनी पोचली. डिटरचा फोटो आला. समुद्र, आत्याबाई, आणि मोकळी ठेवलेली ड्रायव्हरची खुर्ची. इकडे मी कागद गोळा करतोय. अस्थी घरी द्यायचा इथे रिवाज नाही, देशाबाहेर न्यायच्या तर दाखले, शिक्के, भाषांतरं. सगळ्या देशांचे व्हिसा त्या माणसाने स्वतः रांगा लावून मिळवले होते, ते पासपोर्टात तसेच कोरे पडून आहेत. आणि त्याच्या शेवटच्या प्रवासाची कागदपत्रं कोण करतंय, तर ज्याने त्याचा खरा प्रवास मोडला तो. ताई म्हणते, "तू वेळेवर सांगितलंस म्हणून पाच महिने तरी मिळाले रे." दर रविवारी म्हणते, मला वाढता वाढता. पाच महिने. खुर्ची, चहा आणि ठिपका. मी मान खाली घालून जेवतो.

मागच्या आठवड्यात ईरा वडिलांची कपाटं आवरत होती. तिला मराठी कळतं, उत्तर जर्मनमध्ये येतं. वही माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "मामा, पापा हाट आलेस आउसराडिएर्ट." सगळं खोडलंय. गाडी डिटरला दिली त्याच्या दुसऱ्या दिवशी, अख्खी दुपार बसून, खोडरबराने. ती तेव्हा घरीच होती. वही कुणाला द्यायची नव्हती, तरी का खोडतायत, हे तिला कळलं नव्हतं. मी पानं उलटली. बरोबरच्या खुणा नामिबियापर्यंत आहेत, पण समास स्वच्छ. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. शिवणीच्या फटीत खोडरबराचा चुरा अजून आहे.

"वास श्टांड दा, मामा?" तिने विचारलं. काय लिहिलं होतं तिथे?

आयुष्यात पहिल्यांदा माझ्या तोंडून काही बाहेर पडलं नाही. तिला सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. म्हणून इथे लिहितोय. हे छापून आलं की पुण्याहून कुणीतरी फोटो काढून ताईला पाठवेलच, आमच्या घरात मी एकटाच बातमीदार नाही. त्यानंतरच्या रविवारी तिने जेवायला बोलावलं तर जाईन. नाही बोलावलं तर तेही बरोबरच असेल.

वही सध्या माझ्याकडे आहे. जेवणाच्या टेबलावर. मघाशी सांगितलं, ते पेन्सिल दाबून लिहायचे. दिव्याखाली पान तिरकं धरलं तरी काही दिसत नाही, पण बोट फिरवलं तर लागतं. ब्राउनश्वाइगच्या बाहेर पडताना जे. मग घ. मग जे, जे... मी अजून फ्रान्समध्येच आहे. रोज थोडं पुढे जातो. प्रत्येक 'जे'ला उजवा हात आपोआप उचलला जातो, आणि पुढ्यात ताट नसतं.