झेब्रा क्रॉसिंगवरची परीक्षा

इथे परदेशात, वॉन शहरातल्या एका खाण कंपनीच्या गेटसमोर, झेब्रा क्रॉसिंगवर, आम्ही आठवडाभर पत्रकं वाटली. मागणी साधी होती: झांबियातल्या गावांतून तुमचे ट्रक बेफाम पळवू नका, त्या रस्त्याने पोरं शाळेत चालत जातात! कुणी काच खाली करेना. बोलण्यावरून वसईकडच्या वाटणाऱ्या एक बाई मात्र रोज गाडीची काच खाली करून पत्रक घ्यायच्या आणि नीट घडी करून कोटाच्या खिशात ठेवायच्या. त्यांची गाडी चालवणारा रोज वेगळा असायचा.

शेवटी मी भडकलेच. "नुसती पत्रकं काय जमवता? तिथल्या ट्रकवाहतुकीचं कंत्राट तुमची कंपनी कुणाला देतेय, ते सांगा!"

"तेच मी ठरवतेय, बाय," त्या हसल्या. "जो कंत्राट मागायला येतो, त्यालाच सांगते, मला घरून ऑफिसला सोड. कालच्याने हॉर्न मारत तुमच्या अंगावर गाडी घातली. तो बाद. हा बघ, कसा गुमान थांबलाय."

स्टीअरिंगमागचा गोरा काही न कळून गोड हसला.

"उद्या शेवटचा कंत्राटदार आहे," बाई म्हणाल्या. "थंडी आहे, पण येशील ना?"

म्हणजे कंपनीविरुद्ध उभी राहिलेली मी कंपनीचीच परीक्षक! दुसऱ्या दिवशी आम्ही सगळ्यांनी ते क्रॉसिंग जरा जास्तच सावकाश ओलांडलं.